वडिलांच्या ट्रंकेत युनायटेड वेस्टर्न आणि सांगली बँकेचे कागद निघाले. आता मागायचे कुणाकडे?

वाठारकर (प्रश्न)

नमस्कार. वडील २०१९ मध्ये गेले. मागे आई, मी आणि विवाहित बहीण. ट्रंकेत हे कागद मिळाले:

१) युनायटेड वेस्टर्न बँकेचे सातारचे बचत पासबुक. शेवटची नोंद मार्च २००३, शिल्लक ११,६४० रुपये.
२) सांगली बँकेची २०,००० ची मुदत ठेव पावती. मुदत जुलै २००४ ला संपलेली. मागची बाजू कोरी.
३) सांगली बँकेच्याच २०० शेअर्सचे सर्टिफिकेट.
४) सूतगिरणीतल्या पीएफच्या दोन स्लिपा. नोकरी १९८४ ते २००१. पीएफ तेव्हाच काढला होता. पेन्शन कधीच आली नाही. गिरणी बंद आहे.
५) गावातल्या पतसंस्थेची १५,००० ची पावती. पतसंस्थेला कुलूप.
६) पोस्टाची दोन किसान विकास पत्रे.

दोन्ही बँकांच्या पाट्या केव्हाच उतरल्या. युनायटेड बँक पंजाब नॅशनलमध्ये गेली असे एकाने सांगितले, तिथे काहीच सापडले नाही. पडून राहिलेल्या ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर वडिलांचे नाव टाकले, तिथेही नाही. पैसे बुडाले असे समजायचे का? तलाठ्याकडची वारस नोंद झालेली आहे, ती चालेल का?

माजी_शाखाधिकारी

वाठारकर, बुडाले असे अजिबात समजू नका. तुम्ही चुकीच्या दारात उभे राहिलात एवढेच झाले आहे. पंजाब नॅशनलमध्ये गेली ती कोलकात्याची युनायटेड बँक ऑफ इंडिया, २०२० साली. आपली साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न वेगळी. ती १९३६ ची बँक, ३ ऑक्टोबर २००६ ला आयडीबीआयमध्ये विलीन झाली. नावातल्या सारखेपणामुळे ही गल्लत फार होते. सांगली बँक १९१६ ची, ती एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. आपल्या भागातल्या इतर जुन्या पासबुकांसाठीही हे लिहून ठेवा: मिरज स्टेट बँक १९८५ मध्ये युनियन बँकेत गेली, आणि १९९२ च्या रोखे घोटाळ्यात कोसळलेली बँक ऑफ कराड पुढे बँक ऑफ इंडियाने घेतली. विलीन झालेल्या बँकेची ठेव घेणाऱ्या बँकेच्या डोक्यावर येते, म्हणून कुठलाही जुना कागद हातात आला की आधी ती बँक आज कुणाच्या पोटात आहे ते शोधायचे. पोर्टल त्यानंतर.

आता उद्गमवर नाव का दिसले नाही. पहिले कारण, तिथे फक्त १० वर्षांहून जास्त काळ पडून राहिलेल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत गेलेल्या रकमा दिसतात. दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते, पण ते त्याच बँकेत असते, उद्गमवर येत नाही. चार-पाच वर्षे बंद पडलेले खाते तिथे शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परत येणारच. दुसरे कारण, पोर्टलवर सगळ्या बँका नाहीत. मार्च २०२४ पर्यंत ३० बँका जोडल्या गेल्या, त्यात अशा ठेवींपैकी सुमारे ९० टक्के रक्कम आली. बहुतेक नागरी सहकारी बँका त्यात नाहीत, त्यांच्या याद्या त्यांच्याच वेबसाइटवर पाहाव्या लागतात. तुमच्या दोन्ही बँका मात्र आहेत, म्हणून तुमच्या बाबतीत अडचण तिसरी: नावाचे स्पेलिंग. सर्टिफिकेटवर, पासबुकवर आणि मृत्यूच्या दाखल्यावर नाव कसे कसे आहे ते अक्षरशः लिहून कळवा.

पोर्टलवर शोधताना नावासोबत पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी काहीतरी मागतात. २००३ च्या खात्याला पॅन बहुधा जोडलेलाच नसतो, त्यामुळे पॅन टाकून शोधले की 'नोंद नाही' असेच येते. जन्मतारखेने पाहा, नाही तर पत्त्याने. नोंद सापडली तर एक लांब संदर्भ क्रमांक मिळेल, तो उतरवून घ्या. रक्कम तिथे दिसत नाही, ती बँकच सांगते.

आणि पोर्टलवर सापडले नाही तरी थांबायचे कारण नाही. तुमच्याकडे पासबुक आहे, पावती आहे. सरळ साताऱ्याच्या आयडीबीआय शाखेत लेखी अर्ज द्या: जुना खाते क्रमांक, शाखेचे नाव, पहिल्या पानावरचा खातेपान क्रमांक असेल तर तोही, शेवटच्या नोंदीची तारीख आणि शिल्लक. विलीनीकरणाच्या वेळी जुन्या क्रमांकांना नवे क्रमांक दिले गेले, आणि त्याची जोडयादी बँकेकडे असते. काउंटरवरचा मुलगा जुना क्रमांक संगणकात टाकून 'इनव्हॅलिड' आले म्हणून परत पाठवेल. तेव्हा वाद घालू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या आणि 'जुन्या क्रमांकावरून नवा क्रमांक शोधून लेखी कळवावे' ही ओळ अर्जात ठळक असू द्या.

सांगली बँकेच्या पावतीची मागची बाजू कोरी आहे, ही फार चांगली गोष्ट. मुदत संपून पैसे घेतले असते तर मागे रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करून पावती बँकेने ठेवून घेतली असती. तिच्यावर तारण कर्ज असते तरी मूळ पावती बँकेकडेच असती. मूळ पावती घरात, मागे सही नाही, म्हणजे रक्कम उचललेली नसण्याची शक्यता मोठी. एक अपवाद: मुदतीनंतर रक्कम आपोआप बचत खात्यात जमा झालेली असू शकते. म्हणून अर्जात दोन्ही विचारा.

निधीत पैसे गेले म्हणजे सरकारजमा झाले, ही समजूत काढून टाका. मागायचे आपल्या बँकेकडेच, बँक आधी तुम्हाला देते आणि मग निधीतून परत घेते. मागणीला कालमर्यादा नाही. व्याज असलेल्या ठेवीवर निधीतल्या काळाचे सरळ व्याज मिळते: ३० जून २०१८ पर्यंत ४ टक्के, १ जुलै २०१८ ते १० मे २०२१ साडेतीन टक्के, ११ मे २०२१ पासून ३ टक्के. तुमच्या पावतीला जुलै २०१४ मध्ये १० वर्षे झाली. फंडात निव्वळ २०,००० गेले असे धरले तर जून २०१८ पर्यंत साधारण ३,०७०, मे २०२१ पर्यंत आणखी २,०००, पुढे वर्षाला ६००. प्रत्यक्षात मुदत संपल्यापासून निधीत जाईपर्यंतचे व्याज मुद्दलात मिळून आकडा याहून वर जाईल. बँकेने दिलेला हिशेब या टप्प्यांशी ताडून पाहा. सगळ्या काळाला एकच दर लावलेला दिसला तर लेखी विचारा.

कागदांबद्दल. तलाठ्याची वारस नोंद जमिनीपुरती. सातबारावरचा फेरफार बँकेला वारसाचा पुरावा म्हणून पुरत नाही, नाती दाखवायला जोडला तर उपयोगी पडतो. आधी पासबुकावर 'नामनिर्देशन नोंदवले' असा शिक्का शोधा. नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळखपत्रे आणि अर्ज, बस्स. नॉमिनी म्हणजे मालक मात्र नव्हे. तो विश्वस्त, वारसांचा हक्क शाबूत राहतो.

नॉमिनी नसेल तरी कोर्टात पळायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेचे २६ सप्टेंबर २०२५ चे निर्देश आहेत, बँकांनी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणायचे होते. त्यानुसार व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला सोपी पद्धत: दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, दावेदारांची ओळखपत्रे, इंडेम्निटी बाँड (पुढे बँकेचे नुकसान झाले तर भरून देण्याची लेखी हमी), पैसे न घेणाऱ्या वारसांचे ना-हरकत पत्र, आणि वारस कोण याबद्दल वारस दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थ माणसाचे घोषणापत्र. त्या मर्यादेत जामीनदार मागायचा नाही. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत निकाल, उशीर बँकेमुळे झाला तर व्याजाच्या रूपात भरपाई. तुमच्या घरात आई दावेदार आणि तुम्ही दोघे ना-हरकत देणारे, हे सर्वांत सुटसुटीत. बाँडसाठी १०० चा स्टॅम्प आणू नका, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात ५०० चा लागतो. मजकूर बँकेच्याच नमुन्यात घ्या. बाहेर टाइप केलेला बाँड परत आला की ५०० वाया.

मिरज_जंक्शन

शेअर्सचे मी सांगतो, कारण खरी किंमत बहुधा त्याच कागदात आहे.

विलीनीकरणात सांगली बँकेच्या ९२५ शेअर्सला आयसीआयसीआय बँकेचे १०० शेअर्स मिळाले. तुमच्या २०० ला २१ येतात, अपूर्णांक सोडून. डिसेंबर २०१४ मध्ये १० रुपयांचा शेअर २ रुपयांचा झाला, म्हणजे २१ चे १०५. जून २०१७ मध्ये दहाला एक बोनस, म्हणजे आणखी १०. आज ११५ शेअर्स, वर इतक्या वर्षांचा लाभांश. बाजारभावाने गुणून पाहा.

हातातले सांगली बँकेचे सर्टिफिकेट आता विकता येत नाही. पण ते फेकू नका, लॅमिनेटही करू नका. वर उजवीकडे फोलिओ क्रमांक असतो, खाली 'पासून-पर्यंत' असे अनुक्रमांक असतात, आणि मागे हस्तांतराच्या नोंदींचे रकाने असतात. मागचा शेवटचा नोंदवलेला मालक वडीलच आहेत ना, ते पाहा. सर्टिफिकेटवर एक नाव आणि मागे दुसऱ्याला हस्तांतर, असे असले तर सगळा मामला बदलतो.

लागोपाठ ७ वर्षे लाभांश कुणी घेतला नाही की लाभांश आणि शेअर्स दोन्ही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. त्या निधीच्या वेबसाइटवर वडिलांच्या नावाने आणि फोलिओने शोधा. सांगली बँक नव्हे, आयसीआयसीआय बँक निवडा. क्रम असा ठेवा: पहिल्यांदा बँकेच्या शेअर रजिस्ट्रारला (शेअरधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) पत्र लिहून फोलिओची आजची स्थिती लेखी मागवा. मग वारसाच्या नावावर शेअर्स करण्याचे कागद रजिस्ट्रारकडे द्या. कागदी शेअर्सना एका कंपनीमागे ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. शेअर्स निधीत गेले असतील तर रजिस्ट्रार हक्कपत्र देतो, ते जोडून मग त्या निधीचा आयईपीएफ-५ हा फॉर्म भरायचा. लोक उलटे करतात. आधी फॉर्म भरतात, कंपनीकडे कागदच नसतात, आणि दावा फेटाळला जातो. आईच्या नावाने डीमॅट खाते आधीच उघडून ठेवा, शेअर्स तिथेच येतात. आधार, पॅन आणि डीमॅट तिन्हीकडे आईचे नाव एकसारखे हवे.

कुणाकडे युनायटेड वेस्टर्नचे शेअर्स असतील तर गणित वेगळे: तिथे बदली शेअर नाहीत, शेअरमागे २८ रुपये रोख ठरले होते.

निधी_आणि_पेन्शन

पीएफ काढला म्हणजे पेन्शनही संपली, असे गिरणी आणि साखर कारखान्यांतल्या पुष्कळ घरांत समजतात. दोन्ही वेगळ्या पेट्या आहेत. पीएफसाठी फॉर्म १९, पेन्शनचे पैसे उचलण्यासाठी १०-सी, महिन्याची पेन्शन सुरू करण्यासाठी १०-डी. दहा वर्षांहून जास्त सेवा असली तर १०-सी ने रोख उचलताच येत नाही, पेन्शनच घ्यावी लागते.

कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला आली, म्हणून कार्यालयात 'तुमची तर सहाच वर्षे' असे ऐकायला मिळू शकते. पण वडील १९८४ पासून १९७१ च्या कुटुंब पेन्शन योजनेत असतील तर ती मागची सेवाही पात्रतेत धरतात. स्लिपवर पीएफच्या रकान्याशेजारी 'एफपीएफ' (कुटुंब पेन्शन निधी) असा वेगळा रकाना आहे का पाहा. असेल तर तो तुमचा पुरावा. मिळून १७ वर्षे होतात.

वडिलांना ५८ वर्षे पूर्ण झाल्यापासून मृत्यूपर्यंतची पेन्शन थकबाकी म्हणून वारसांना, आणि मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून आईला विधवा पेन्शन, असे दोन हक्क आहेत. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये. रक्कम लहान वाटेल, पण थकबाकी मिळून मोठी होते. अर्ज मृत्यूच्या दाव्याच्या एकत्रित फॉर्मवर, आईच्या नावाने.

वडिलांनी २००१ मध्ये नोकरी सोडली, म्हणून त्यांना यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफ सभासद क्रमांक) नाही. तो २०१४ पासून आला. त्यामुळे ऑनलाइन शोधत बसू नका. स्लिपवरचा जुना क्रमांक लागतो: राज्य, कार्यालय, आस्थापनेचा कोड आणि शेवटी सभासद क्रमांक. शेवटचे आकडे पुसट असतील तर उन्हात तिरपा धरून फोटो काढा, कार्बनची अक्षरे उमटून दिसतात. गिरणी बंद असल्याने मालकाची सही मिळणार नाही. त्याऐवजी बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही चालते, सोबत गिरणी बंद असल्याचा उल्लेख करा. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर घेते. आईला प्रादेशिक कार्यालयापर्यंत नेण्याआधी तिथे कागद दाखवा, त्रुटी जागेवर कळतात.

पीएफची काही शिल्लक निघाली आणि नामनिर्देशन नसेल तर ती कुटुंबात वाटली जाते, पण सज्ञान मुलगा आणि नवरा हयात असलेली विवाहित मुलगी यांना त्यात वाटा नसतो. म्हणजे तुमच्याकडे पूर्ण रक्कम आईला. बँकेच्या आणि पीएफच्या वारसांची यादी वेगळी असू शकते, हे ध्यानात ठेवा.

वाठारकर

सर्वांचे मनापासून आभार. एफपीएफचा रकाना आहे! नावांचे असे: पासबुकवर 'बाबासो', सांगली बँकेच्या पावतीवर 'बाबासाहेब', पीएफ स्लिपवर नुसती आद्याक्षरे आणि आडनाव, मृत्यूच्या दाखल्यावर 'बाबासाहेब' पण आडनाव आधी.

माजी_शाखाधिकारी

हेच कारण असणार. आपल्याकडे बाबासो, आप्पासो, तात्यासो ही नावे कारकुनाने ऐकली तशी इंग्रजीत उतरवली. शोधताना बाबासो, बाबासाहेब, बाबासाब, मधे जागा सोडून आणि न सोडता, आडनाव आधी आणि नंतर, वडिलांच्या नावाच्या जागी फक्त अक्षर, असे सगळे प्रकार करून पाहा. आईचे खाते शोधायचे असेल तर माहेरच्या नावानेही.

दाव्यासाठी 'ही सर्व नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र आईने करायचे, आणि त्यात प्रत्येक कागदावर नाव जसे छापले आहे तसेच लिहायचे. एकाच प्रतिज्ञापत्रात चारही रूपे घ्या, नाही तर प्रत्येक कार्यालयासाठी नवे करावे लागेल. जोडीला शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुने रेशन कार्ड. वारलेल्या माणसाचे नाव राजपत्रात बदलून आणा, असे कुणी सांगितले तर ऐकू नका.

कृष्णाकाठ

पतसंस्थेचे कुणी लिहिले नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. ती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाही, उद्गमवर येत नाही आणि ठेव विमाही नाही. कराड जनता बँकेचा परवाना ७ डिसेंबर २०२० ला रद्द झाला तेव्हा ठेवीदारांना विमा महामंडळाकडून ५ लाखांपर्यंत संरक्षण होते. पतसंस्थेच्या ठेवीदाराला तसे काही नसते.

तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे जाऊन पावतीवरचा नोंदणी क्रमांक दाखवा आणि विचारा: संस्था चालू आहे, प्रशासक आहे की अवसायक (बंद संस्थेची वसुली करून देणी भागवणारा अधिकारी) नेमला आहे? अवसायक असेल तर त्याचे नाव, आदेशाची तारीख आणि दावे दाखल करायची मुदत लेखी घ्या. दावा मूळ पावतीच्या छायाप्रतीसह द्या. कर्जवसुली होईल तशी टक्केवारीने रक्कम येते, पूर्ण मिळेलच असे नाही. १५,००० साठी किती खेपा घालायच्या ते तुम्ही ठरवा, पण दावा नोंदवून ठेवायला खर्च नाही.

पोस्टाचे थोडक्यात: किसान विकास पत्रे ज्या कार्यालयाचा शिक्का आहे तिथे न्या. नामनिर्देशन नसेल तर मृत्यूनंतर ६ महिने झालेले असले की ५ लाखांपर्यंत कोर्टाच्या दाखल्याशिवाय दावा घेतात.

निधी_आणि_पेन्शन

एक राहिले. एजंट फोन करतील, 'निधीतून सोडवून देतो, २० टक्के द्या' म्हणतील. बँक, पीएफ आणि शेअर निधी, तिन्हीकडे दावा विनामूल्य आहे. ओटीपी कुणालाही नाही, कोऱ्या फॉर्मवर आईची सही तर मुळीच नाही.

मूळ कागद कुठेही पोस्टाने पाठवू नका. छायाप्रत द्या, मूळ दाखवून परत घ्या. जिथे मूळ जमाच करावा लागतो, जसे पावती किंवा शेअर सर्टिफिकेट, तिथे दोन्ही बाजूंचा फोटो आणि पोच हातात आल्याशिवाय सोडू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर त्याच पोचेच्या आधारे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, चौकशीसाठी १४४४८.

वाठारकर

सोमवारी आयडीबीआयमध्ये अर्ज देतो. २७ ला आईला घेऊन शिबिराला जातो.